शेअर रिक्षा, टीएमटी आणि विलायतची मेल बोट

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली, आणि ठाणे-नवी मुंबईच्या गप्पांत ‘उडान’ योजनेचा विषय पुन्हा आला. लहान गावाला जाणारं विमान पूर्ण भरत नाही, कंपनीला परवडत नाही, म्हणून तूट सरकार भरतं. या रकमेला वर्तमानपत्रात ‘व्यवहार्यता तूट निधी’ असं जडजंबाल नाव असतं. त्यावर ठरलेला सवाल येतो : रिकाम्या खुर्च्यांचे पैसे आमच्या करातून का?

हा सवाल पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. तेव्हा तो विमानांबद्दल नव्हता, आगबोटींबद्दल होता. इंग्लंडहून हिंदुस्थान, चीन, अमेरिका, वेस्ट इंडीज इथे टपाल नेण्यासाठी ब्रिटिश सरकार खाजगी आगबोट कंपन्यांना दरसाल लाखो पौंड देत असे, आणि त्यात हिंदुस्थानच्या तिजोरीचाही वाटा असे. टपालाच्या तिकिटांतून एवढे पैसे बहुधा वसूल होत नसत. काही टन थैल्यांसाठी एवढा खर्च हा वेडेपणा वाटतो. सरकार पत्रांच्या वजनाचं भाडं देतंय असं समजलं तर तो वेडेपणाच आहे. पण सरकार वेगळंच काही विकत घेत होतं.

रिक्षा भरल्यावर सुटते

ठाणे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाला वेळापत्रक नसतं. तिसरा प्रवासी आला की ती सुटते, तोवर आधी बसलेल्याने घाम पुसत बसायचं. टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस, निदान कागदावर तरी, ठरलेल्या वेळी सुटते. आत चार माणसं असोत की चाळीस. रिक्षावाला प्रत्येक फेरीत पैसे मिळवतो, कारण तो रिकामा निघतच नाही. बस तोट्यात जाते, कारण ती रिकामीही निघते. तो तोटा महापालिका भरते, आणि त्या पैशांच्या बदल्यात तुम्हाला ‘आठ दहाची बस’ मिळते.

शिडाची व्यापारी जहाजं म्हणजे शेअर रिक्षा. माल भरला, वारा अनुकूल झाला की निघायची. इंग्लंडहून आफ्रिकेच्या टोकाला, म्हणजे केप ऑफ गुड होपला, वळसा घालून मुंबईला यायला चार ते सहा महिने लागत. पत्र पाठवून उत्तर हाती यायला वर्ष गेलं तरी कुणाला नवल वाटत नसे. सरकारचे हुकूमही याच गतीने येत.

मेल बोट म्हणजे टीएमटी. सरकारशी करार केलेली, टपालाच्या थैल्या घेऊन ठरलेल्या तारखेला सुटणारी आणि ठरलेल्या मुदतीत पोचायला बांधलेली आगबोट. तिच्या कंत्राटाची रक्कम म्हणजे वेळापत्रकाची किंमत. टपाल हे त्या वेळापत्रकाचं निमित्त.

पोटात कोळसाच कोळसा

आगबोटीला वारा लागत नाही, मग तिला सरकारी पैसा कशाला? उत्तर कोळशाच्या कोठारात आहे.

सॅम्युअल क्युनार्डची ‘ब्रिटानिया’ ही अटलांटिक ओलांडून नियमित टपाल नेणाऱ्या बोटींतली पहिली. ४ जुलै १८४० ला ती लिव्हरपूलहून निघाली. तिच्यात साधारण ६४० टन कोळसा भरावा लागे आणि मालासाठी जागा उरे ती सुमारे २२५ टनांची. दिवसाला ३८ टनांच्या आसपास कोळसा जळे. ज्या टेम्पोत पाऊण भाग डिझेलच्या टाकीनेच व्यापलाय, तो वाशीच्या बाजारात कांदा आणून कधी पैसा मिळवील? सुरुवातीच्या आगबोटींचं हेच रडगाणं होतं. कमी दाबाचं बॉयलर, भुकेलं इंजिन, दोन्ही बाजूंना वल्ह्यांची प्रचंड चाकं. नुसत्या मालाच्या भाड्यावर लांबचा प्रवास करणं अशक्य. म्हणून क्युनार्डला वर्षाला ६० हजार पौंडांचं कंत्राट मिळालं, तेव्हा कुठे चाकं फिरली.

आपल्या बाजूचा प्रयोग त्याच्याही दहा वर्षं आधीचा आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० ला मुंबईहून सुएझला निघाली. तिच्या कोठारात साडेपाच दिवसांपुरता कोळसा मावे. एडन त्याच्या दुप्पट दूर. जिथे जागा सापडेल तिथे कोळसा ठासून ती निघाली आणि अकराव्या दिवशी एडनला लागली, तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. पुढे मोखा, जेद्दा असं थांबत थांबत २२ एप्रिलला सुएझ. वाटेत गेलेल्या दिवसांपैकी एक मोठा हिस्सा नुसता कोळसा भरण्यात गेला.

मार्ग शक्य आहे हे सिद्ध झालं, आणि एडनला स्वतःचा कोळशाचा डेपो हवा हेही. १९ जानेवारी १८३९ ला मुंबई सरकारने पाठवलेल्या तुकडीने एडन जिंकलं. कारणं आणखीही सांगितली गेली, पण नकाशावर परकार ठेवून पाहिलं की मुख्य कारण कळतं. मुंबई आणि सुएझ यांच्या मधोमध कोळसा ठेवायला सुरक्षित बंदर हवं होतं.

तिथला कोळसाही इंग्लंडहूनच यायचा, आणि तो यायचा शिडाच्या जहाजांतून. आगबोट चालावी म्हणून शिडाच्या जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालून कोळसा वाहायचा! हा खर्च कंत्राटाच्या रकमेत दडलेला असे आणि लंडनमधल्या टीकाकारांच्या हिशेबातून नेहमी निसटे.

करारपत्रात काय लिहिलेलं असे

पेनिन्सुलर या इंग्लिश आगबोट कंपनीचं पहिलं टपाल कंत्राट ऑगस्ट १८३७ चं, स्पेन-पोर्तुगालकडच्या टपालासाठी, वर्षाला २९,६०० पौंडांचं. १८४० मध्ये तिच्या नावात ‘ओरिएंटल’ जोडलं गेलं आणि ती पी. अँड ओ. झाली. १८६० पर्यंत अशी कंत्राटं टपालखातं करतच नव्हतं. ती करायचं आरमार खातं. नंतर ती टपालखात्याकडे आली.

टपालाचं काम आरमाराकडे का? अटी वाचल्या की समजतं. बोट किती टनांची, इंजिन किती अश्वशक्तीचं, डेक तोफांचं वजन पेलेल का, हे आरमाराचे अधिकारी तपासत. युद्ध झालं तर सरकारने बोट ताब्यात घ्यायची. हे नुसतं कागदावर राहिलं नाही. १८५४ ला क्रिमियाचं युद्ध पेटलं तेव्हा पी. अँड ओ.च्या बोटी सैन्य वाहायला गेल्या आणि ऑस्ट्रेलियाची नुकती सुरू झालेली मेल सेवा बंद पडली. सरकारने टपालाच्या नावाखाली राखीव आरमार पोसलं होतं, आणि गरज पडली तेव्हा टपालालाच चाट बसली.

बोटीवर आरमाराचा एक अधिकारी ‘टपाल एजंट’ म्हणून प्रवास करी. त्याला वेगळी केबिन. थैल्यांच्या कुलूपबंद, कोरड्या खोलीची जबाबदारी त्याची. वाटेत थांबायचं का, जोडबोट उशिरा आली तर वाट पाहायची का, यात त्याचा शब्द चाले. खाजगी कंपनीच्या कप्तानाच्या डोक्यावर सरकारचा माणूस बसवल्यावर खटके उडणारच.

उशिराला दंड असे, सुटण्याच्या उशिराला वेगळा आणि पोचण्याच्या उशिराला वेगळा. वादळ, अपघात अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना माफी. मुंबईच्या मार्गाला आणखी एक खास सवलत होती. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात असतो, आणि मुंबईहून एडनला जाणारी बोट थेट त्याच्या तोंडावर चालते. म्हणून पावसाळ्यात मुदत वाढवून दिलेली असे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच का बंद ठेवतात हे ज्याने पाहिलंय, त्याला ही सवलत लाड वाटणार नाही.

मैलाला वीस शिलिंग : हिशेब मांडून पाहू

रक्कम बहुधा मैलाच्या दराने ठरे. पी. अँड ओ.च्या १८४४-४५ च्या कराराचं उदाहरण घेऊ. कलकत्ता ते सुएझ, महिन्यातून एक फेरी, दर मैलाला २० शिलिंग, म्हणजे १ पौंड. अंतर एका बाजूचं साधारण ४,८०० सागरी मैल. वर्षात १२ जाणं, १२ येणं, म्हणजे २४ खेपा. ४,८०० गुणिले २४ करा, १,१५,००० च्या घरात जातं. कंत्राटाची रक्कमही तेवढीच होती : वर्षाला १,१५,००० पौंड. सिलोनहून चीनकडच्या मार्गाला दर १२ शिलिंग, रक्कम ४५ हजार पौंड.

यात पत्रांची संख्या कुठेच नाही. थैली एक असो की पाचशे, मैल तेवढेच, पैसे तेवढेच. ‘पत्रामागे किती खर्च आला’ हा संसदेत वारंवार विचारला गेलेला प्रश्न म्हणूनच फसवा आहे. रात्री साडेअकराच्या शेवटच्या बसमधल्या तीन प्रवाशांवर डिझेलचा खर्च वाटून ‘माणशी एवढे रुपये!’ म्हणून ओरडण्यासारखंच ते.

पण टीकाकारांचं एक म्हणणं खरं होतं. मैलाचा दर ठरवणार कोण? मुंबई-सुएझ मार्ग ईस्ट इंडिया कंपनीने हट्टाने आपल्याच आरमाराकडे ठेवला होता. १८५४ मध्ये तो पी. अँड ओ.ला मिळाला, तो वर्षाला २५ हजार पौंडांच्या आत. कंपनी सरकार स्वतः तो चालवत होतं तेव्हा खर्च याच्या काही पट होता. यावरून कलकत्त्याचा दर चढा होता म्हणावं, की पी. अँड ओ.ला आता त्या समुद्रात डेपो, गोदी, माणसं आयती होती म्हणून स्वस्त पडलं म्हणावं? माझ्या मते दोन्ही. जाळं एकदा उभं राहिलं की पुढचा मार्ग स्वस्तात जोडता येतो. आणि नेमकं त्यामुळेच दुसऱ्या कुणाला आत शिरता येत नाही.

मग खुली निविदा काढून मोकळं का नाही व्हायचं?

काढल्या गेल्या. एका निविदेचं काय झालं ते पाहू.

क्रिमियाच्या युद्धानंतर ऑस्ट्रेलियाच्या टपालासाठी निविदा निघाली. १८५६ मध्ये पी. अँड ओ.ला डावलून युरोपियन अँड ऑस्ट्रेलियन नावाच्या नव्या कंपनीला वर्षाला १,८५,००० पौंडांचं कंत्राट मिळालं. वेगाची हमी झकास होती. बोटी मात्र पुरेशा नव्हत्या. सेवा सुरू करण्यापुरत्या भाड्याने घेतल्या, राखीव बोट नाही, वाटेत दुरुस्तीची सोय तोकडी. लांबच्या मार्गावर एक बोट बिघडली की पुढच्या जोडण्या कोसळतात. तिची जागा घ्यायला दुसरी नाही, म्हणून पुढची फेरी उशिरा, मग तिच्या पुढची. दंड चढत गेला, दंडामुळे रोकड आटली, रोकड आटल्यावर दुरुस्ती राहिली. १८५८ पर्यंत कंपनी बुडाली. १८५९ पासून ते टपाल पुन्हा पी. अँड ओ.कडे.

निविदा वाचताना वेगाचा आणि रकमेचा रकाना सगळेच पाहतात. ‘राखीव बोटी किती’ हा रकाना कुणी पाहत नाही. मेल कंपनीला चालत्या बोटींखेरीज गोदीत उभी असलेली, काही न कमावणारी बोट बाळगावी लागते. कंत्राटाच्या रकमेचा मोठा हिस्सा तिथे जातो.

राजकारणाने केलेला घोळ पाहायचा तर आयर्लंडच्या गॉल्वे बंदराचं कंत्राट आहे. फेरीला ३ हजार पौंड, म्हणजे वर्षाला ७८ हजार, या दराने ते दिलं गेलं. ज्याची कंपनी, तो लीव्हर त्याच सुमारास गॉल्वेतूनच संसदेवर निवडून आला. बोटी अपुऱ्या, फेऱ्या अनियमित. संसदेची चौकशी समिती बसली आणि कंत्राटं देण्याची पद्धतच उघड्यावर आली. बरंच ओळखीचं वाटतं, नाही?

सुएझचा वाळूचा पट्टा आणि नियमाचं कुलूप

१८६९ पूर्वी भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांच्यामध्ये इजिप्तची जमीन होती. टपाल अलेक्झांड्रियाला उतरे, कालव्याने आणि नाईलमधून कैरोला जाई, तिथून वाळवंटातले ८४ मैल घोडागाडीतून सुएझला. माल आणि सामान उंटांवरून. एका बोटीच्या भरताडाला तीन हजारांहून जास्त उंट लागत. सुएझला गोडं पाणी नव्हतं, तेही उंटांवर. १८५८ पर्यंत सुएझला रेल्वे पोचली आणि उंट सुटले.

त्या समुद्रातली रात्र सोपी नव्हती. १३ सप्टेंबर १८६९ च्या पहाटे सुएझहून मुंबईला निघालेली पी. अँड ओ.ची ‘कर्नाटिक’ तांबड्या समुद्रातल्या अबू नुहास खडकावर चढली. पोटात टपाल आणि ४० हजार पौंडांची नाणी. बोट पक्की बसलीय आणि कंपनीची दुसरी बोट जवळून जाणार आहे, या भरवशावर कप्तानाने प्रवाशांना उतरवलं नाही. पाणी बॉयलरपर्यंत चढलं, दुसऱ्या दिवशी बोट दुभंगली, ३१ जीव गेले. वेळापत्रकाने चालणाऱ्या कंपनीत ‘आपली पुढची बोट येईलच’ हा विश्वास हाडीमाशी मुरलेला असतो. इथे त्याने घात केला.

दोनच महिन्यांनी, १७ नोव्हेंबर १८६९ ला, सुएझ कालवा उघडला. आता टपाल बोटीतून न उतरवता थेट मुंबईला यावं, नाही का? तसं झालं नाही. कंत्राटात टपाल इजिप्तमधून रेल्वेने न्यायचं लिहिलं होतं, आणि टपालखातं त्यावर अडून बसलं, कारण रेल्वे कालव्यापेक्षा काही तास आधी पोचवते. त्यामुळे बोट कालव्यातून जाऊ शकत असतानाही थैल्या अलेक्झांड्रियाला उतरायच्या आणि सुएझला पुन्हा चढायच्या. १८७४ मध्ये कुठे कालव्यातून टपाल न्यायला परवानगी मिळाली, तीही कंपनीने वर्षाला २० हजार पौंड कमी घ्यायचं कबूल केल्यावर. कालव्यामुळे पी. अँड ओ. भलत्याच अडचणीत आली होती. वाळवंटाच्या दोन बाजूंना दोन ताफे, डेपो, गोदामं असं तिने जे उभारलं ते एका दिवसात जुनं झालं, आणि तिचे प्रतिस्पर्धी नव्या, कमी कोळसा खाणाऱ्या इंजिनांच्या बोटी घेऊन थेट कालव्यातून येऊ लागले.

लांब मुदतीच्या कंत्राटाचं हे खरं दुखणं. मुदत लांब नसेल तर कुणी बोटी बांधत नाही. लांब असेल तर मधे तंत्र बदललं की दोघेही जुन्या अटींत अडकतात.

विलायतचं टपाल ठाण्यावरून

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली हे ठाण्यातलं शेंबडं पोरही सांगतं. तिचा मेल बोटीशी संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

आधी कलकत्त्याचं टपाल बोटीने सिलोनला वळसा घालून कलकत्त्याला जाई. रेल्वे वाढत गेली तसं गणित उलटलं. १८६३ ला बोरघाट, १८६५ ला थळघाट चढून गाडी वर गेली, आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. टपाल मुंबईला उतरवून रेल्वेने नेलं तर कलकत्त्याला बोटीपेक्षा खूप आधी पोचतं. १८६८ पासून मुंबई-इंग्लंड टपाल आठवड्याचं झालं आणि मुंबई सगळ्या हिंदुस्थानच्या विलायती टपालाचं दार बनली. त्या दारातून निघालेल्या बहुतेक थैल्या ठाण्यावरून कल्याणला जात. तिथून कसाऱ्याची वाट धरली की उत्तर आणि कलकत्ता, कर्जतची धरली की पुणे आणि मद्रास. गाड्यांच्या नावातलं ‘मेल’ याच थैल्यांचं. आजची पंजाब मेल १९१२ च्या सुमारास ‘पंजाब लिमिटेड’ म्हणून बॅलार्ड पिअरहून, मेल बोटीच्या उतारूंसाठी सुटे.

वेळ वाचवायला टपाल समुद्रातच वर्गवारी होऊन येई. एडन ते मुंबई साधारण १,६४० सागरी मैल, म्हणजे पाच-सहा दिवस. १८६८ पासून या टप्प्यात बोटीवर टपालखात्याचे कारकून थैल्या फोडून पत्रं गावागावांप्रमाणे लावत. बोट मुंबईला लागली की थैल्या थेट गाडीत. किनाऱ्यावर हीच वर्गवारी करायची तर त्यात कित्येक तास गेले असते आणि त्या दिवसाची गाडी चुकली असती. पावसाळ्यात हलणाऱ्या, कोंदट खोलीत पत्रं लावणाऱ्या त्या कारकुनांना मळमळत असेल का, हा प्रश्न कुठल्या कंत्राटात नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१४ ला, ही सोय बंद झाली.

तार आली, मग पत्रांची घाई कशाला?

१८७० मध्ये सुएझ-एडन-मुंबई अशी समुद्राखालची तार आली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईला तासांत कळू लागला. तरी त्याच वर्षी पी. अँड ओ.चं कंत्राट वर्षाला ४,५०,००० पौंडांवर ठरवलं गेलं. तेव्हाच्या भावाने साधारण ४५ लाख रुपये, म्हणजे दर आठवड्याला ८५ हजारांहून जास्त.

तारेने भाव कळतो, माल हाती येत नाही. बोटीत चढवलेल्या मालाची पावती, हुंडी, विम्याचा कागद, सही केलेला करार, कापसाचा नमुना, हे तारेतून जात नाही. माल सोडवायला मूळ कागद लागतो. आज पैसे एका टिचकीत जातात, तरी न्हावाशेव्याला कंटेनर सोडवताना कागदांवाचून कसं अडतं ते तिथल्या कुठल्याही क्लिअरिंग एजंटला विचारा. तारेने उलट टपाल वाढवलं : सौदे वाढले, आणि प्रत्येक सौद्यामागे कागद आले.

पैसे कुणाच्या खिशातून?

इथे मात्र आक्षेपाला सरळ होकार द्यावा लागतो. हिंदुस्थानच्या टपाल मार्गाच्या खर्चात हिंदुस्थान सरकारचा वाटा होता, आणि करार लंडनला होत. मार्ग, वेग, कंपनी यांतलं काहीही ठरवण्यात रयतेचा आवाज नव्हता. १८६७ च्या करारात तर कमाल होती. वर्षाला ४ लाख पौंड, आणि भागधारकांना ८ टक्के लाभांश देता आला नाही तर आणखी १ लाखापर्यंत सरकार घालणार. नफा ८ टक्क्यांवर गेला तर चौथा हिस्सा सरकारला. तीन वर्षांत ही पद्धत मोडून ठोक ४,५०,००० करावे लागले. लाभांशाची हमी मिळाल्यावर कोळसा जपून जाळायचा कुणाला उत्साह राहणार?

किनाऱ्याच्या टपालातही तेच. विल्यम मॅकिनन यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीला १८६२ पासून सरकारी कंत्राटं मिळाली. मुंबई, कराची, इराणचं आखात असं जाळं तिने त्यावर विणलं.

अनुदान घेणारी कंपनी त्या पैशाच्या जोरावर दुसऱ्याला मारू शकते, हे १८९३ ला दिसलं. जपानला जाणाऱ्या मुंबईच्या सुताचं नि कापसाचं भाडं पी. अँड ओ. आणि तिच्या सहकाऱ्यांच्या मुठीत होतं. जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन काइशा या आगबोट कंपनीशी हातमिळवणी करून ‘टाटा लाइन’ काढली. पी. अँड ओ.ने टनाला १९ रुपयांच्या आसपास असलेला दर दीड-दोन रुपयांवर आणला. टाटांनी सरकारकडे तक्रार केली की आमच्याच करातून पोसलेली कंपनी आम्हालाच बुडवते आहे. उपयोग झाला नाही, टाटा लाइन गुंडाळावी लागली. १९०६ ला तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई यांची स्वदेशी आगबोट कंपनी आली, तेव्हा ब्रिटिश इंडियाने भाडं इतकं पाडलं की शेवटी फुकट प्रवास आणि वर छत्री देऊ केली. ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया या देशी आगबोट कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, त्यामागे सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्यांनाही याच गटाशी झुंजावं लागलं. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया १९१४ लाच एक झाल्या होत्या.

‘उडान’मध्ये कमीत कमी अनुदान मागणाऱ्याला मार्ग, निम्म्या जागांना भाड्याची मर्यादा, तीन वर्षांपुरती मक्तेदारी, आणि तूट केंद्र व राज्य ८०-२० वाटून घेणार, अशा अटी घातल्या गेल्या. मेल बोटीच्या कंत्राटांत जे जे चुकलं त्याची ही एकेक पाचर आहे. राखीव विमानाचा रकाना मात्र इथेही नीट पाहायला हवा.

वजनावर पैसे

मैलाऐवजी वजनाचा दर लावून टपाल नेता आलं नसतं का? सुरुवातीच्या कोळसाखाऊ आगबोटींना ते परवडलं नसतं. विमानात मात्र ते जमलं. टाटांनी कराची-मुंबई-मद्रास हवाई टपालासाठी आधी अनुदान मागितलं. सरकारने हात आखडता घेतला. शेवटी अनुदानाशिवाय, फक्त नेलेल्या टपालाच्या वजनावर पैसे, या बोलीवर १९३२ मध्ये करार झाला. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा एक इंजिनाचं छोटं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, पुढे ते मद्रासला नेलं नेव्हिल विंटसेंट यांनी. पहिल्या वर्षात सुमारे १,६०,००० मैल उड्डाण, १० टनांच्या आसपास टपाल, आणि ६० हजार रुपये नफा. पावसाळ्यात जुहूचा कच्चा तळ पाण्याखाली जाई. मग जून ते सप्टेंबर मुंबईचं हवाई टपाल पुण्याला उतरे.